‘झॅनडू’ पाहावा तो गाण्यांसाठी

1980 सालचा ‘झॅनडू’ हा हॉलिवूडचा संगीतपट समीक्षकांनी झोडपला, आणि कथेपुरतं बोलायचं तर त्यांचं चुकलं नाही. ग्रीक कलादेवता चित्रातून उतरते, सनी नावाच्या चित्रकाराला चाकांचे स्केट्स घालून नाचायचा डान्स क्लब उभारायची प्रेरणा देते. एवढीशी गोष्ट, त्यात संवाद सपक. नायक-नायिकेत प्रेम कधी जमतं तेच कळत नाही. हा चित्रपट आणि ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ लागोपाठ पाहिल्यावरच जॉन विल्सन यांना सर्वांत वाईट चित्रपटांसाठीचे ‘गोल्डन रॅस्पबेरी’ पुरस्कार सुचले.

पण संगीत ऐका! ध्वनिमुद्रिकेची एक बाजू कलादेवता झालेल्या गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉनची, बहुतेक संगीतकार जॉन फरारच्या चालींची. दुसरी इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश रॉक बँडची, म्हणजे त्याचा प्रमुख जेफ लिनची. ‘मॅजिक’ अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शीर्षकगीतात ऑलिव्हिया आणि ऑर्केस्ट्रा एकत्र येतात. ब्रिटनमध्ये ऑर्केस्ट्राला पहिला क्रमांक मिळवून देणारं हेच एकमेव गाणं.

एकच प्रसंग पाहायचा असेल तर ‘डान्सिन’ पाहा. जुन्या हॉलिवूडचा नर्तक-अभिनेता जीन केली इथे सनीचा भागीदार डॅनी आहे; त्याला क्लबात 1940च्या दशकातला, पितळी वाद्यांचा बिग बँड हवा, तरुण सनीला रॉक. आधी एक चाल, मग दुसरी, आणि शेवटी दोन्ही एकदम. दोन्ही मंच सरकत एकमेकांत मिसळतात. दोन चाली एका लयीत आणि जुळणाऱ्या स्वरांत बांधल्या नसत्या, तर इथे नुसता गोंगाट झाला असता. ही खरी जुगलबंदी आहे. पहिल्या वेळी फक्त पितळी वाद्यांकडे कान ठेवा, दुसऱ्यांदा गिटारकडे. तिसऱ्यांदा वीण उलगडते. सगळ्या चित्रपटाला जे म्हणायचं आहे ते या एका गाण्यात येतं.

स्केट्सचं गणित मात्र फसतं. पायाला चाकं असली की साध्या नर्तकाचं पाऊल ठेक्यावर पडत नाही, शरीर नुसतं घसरत जातं. मग ठेका हातांनी, कमरेनं आणि कॅमेऱ्यानं धरावा लागतो. शेवटच्या गर्दीच्या नाचात तो हातून निसटतो. केलीला मात्र ही विद्या जुनी: ‘इट्स ऑलवेज फेअर वेदर’मध्ये (1955) त्यानं स्केट्स घालून टॅप, म्हणजे पावलांनी ठेका वाजवणारा नाच, केला होता. डॅनी मॅग्वायर हे नावही त्याच्याच 1944च्या ‘कव्हर गर्ल’मधलं. म्हणून ऑलिव्हियाबरोबरच्या त्याच्या संथ नाचात, जिथे चाकं नाहीत, नजर त्याच्या पायांवर ठेवा. वय 67, आणि एकही पाऊल जड पडत नाही.