ओट्याच्या फटीतली हळद

आम्ही झ्युरिकचं भाड्याचं घर सोडणार होतो, म्हणून मार्चच्या मध्यावर घरमालकाच्या कंपनीकडून एक बाई तपासणीला आल्या. दारात बूट काढले, स्वयंपाकघरात येऊन स्टूल मागितलं, त्यावर चढल्या आणि चिमणीच्या माथ्यावरून बोट फिरवून ते मला दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. बोटाच्या टोकाला पिवळट तपकिरी, गुळाच्या पाकासारखा चिकटा होता. मला घामच फुटला.

त्या घरात आम्ही 5 वर्षं राहिलो. दर दिवाळीला मी सगळे डबे उतरवून घासले, फडताळातले कागद बदलले, रोज रात्री ओटा पुसल्याशिवाय झोपले नाही. माहेरी, सासरी, कुठेही माझ्या स्वयंपाकघराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. आणि इथे एका परक्या बाईंनी 45 मिनिटांत 14 गोष्टींची यादी हातात ठेवली, त्यातल्या 11 स्वयंपाकघरातल्या!

घर सोडताना इथे बरेच सोपस्कार असतात. मुख्य म्हणजे 3 महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत बँकेत अडकलेली असते आणि ती सोडवायला घरमालकाची सही लागते. यादीतलं सगळं साफ करायला आमच्याकडे 31 मार्चपर्यंतचा वेळ होता. सफाईची कंपनी बोलवा, त्या 'पास होण्याची हमी' देतात, असं सगळ्यांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. माझ्या स्वयंपाकघरातला चिकटा दुसऱ्या कुणी काढावा हे मला सहनच होईना.

यादी वाचताना एक गोष्ट डोक्यात आली आणि ती अजून गेलेली नाही. आपण घासतो ती वापरातली वस्तू. भांडं, डबा, किसणी, कुकरची रिंग, गाळणं, सगळं हाताखालून जातं, त्यामुळे ते स्वच्छ राहतं. त्या बाईंच्या यादीत हातात येणारं काहीच नव्हतं. डिशवॉशरच्या तळाची गाळणी. त्याच्याच दाराची खालची कड, जिथे आतलं पाणी कधी पोचतच नाही. ओव्हनच्या दाराच्या दोन काचांमधली जागा. फ्रिजच्या मागच्या भिंतीतलं पाणी जायचं बारीक भोक. सिंकच्या वरच्या अंगाचं भोक. कपाटांच्या पायाशी असते ती पट्टी चक्क ओढून निघते हे मला 5 वर्षांत माहीत नव्हतं. तिच्यामागे मोहरी, साबुदाणा आणि लेकीचा हरवलेला क्रेयॉन सापडला.

पण खरी लागली ती चिमणीपुढची नोंद. तिथे लिहिलं होतं 'युबरमेसिग', म्हणजे प्रमाणाबाहेर. प्रमाण कुणाचं? आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत संध्याकाळी पाव, चीज आणि दूध-कॉफी असा बेत असतो. 'काफे काँप्ले' म्हणतात त्याला, शेगडी पेटवायलाच लागत नाही. माझ्याकडे दिवसातून दोनदा फोडणी होते. मोहरी तडतडते तेव्हा तेलाचे अगदी बारीक थेंब वाफेबरोबर वर जातात, गार धातू लागला की तिथेच बसतात आणि पुढे उष्णतेनं, हवेनं हळूहळू घट्ट होऊन त्यांचं रोगण होतं. हा माझा निष्काळजीपणा नाही, ही रोज गरम जेवणाऱ्या घराची खूण आहे. त्या रात्री मी इथल्या भाडेकायद्याची कलमं काढून वाचली. 267व्या कलमात आहे, की करारानुसार वापर करून वस्तू जशी होईल तशी ती परत करायची. स्वयंपाकघरात स्वयंपाक करणं हाच तर करारातला वापर ना? हा मुद्दा मी कागदावर लिहूनही काढला होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी काढून उजेडात धरली, तेव्हा तो कागद बाजूला ठेवला. जाळीची भोकं दिसत नव्हती. जी चिमणी आहे म्हणून मी निर्धास्तपणे फोडण्या देत होते, तिच्यातून हवा धड जातच नव्हती. मी वर्षातून दोनदा तिची पुढची बाजू पुसायचे आणि चिमणी साफ झाली असं समजायचे.

दोन जाळ्या होत्या. पहिली धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकली. चिकटा सुटला, पण जाळी काळपट राखाडी झाली. अ‍ॅल्युमिनियमला सोडा चालत नाही हे मला कळायला हवं होतं. अ‍ॅल्युमिनियमची पातेली सोड्यानं काळी पडतात हे काय मी पाहिलं नव्हतं? दुसरी जाळी मग भांड्यांच्या साबणाच्या कढत पाण्यात तीन वेळा भिजवली आणि मऊ ब्रशनं घासली. ती चकचकीत निघाली. चिमणीच्या माथ्यावर मात्र साबण नुसता घसरत होता. तिथे उपयोगी पडलं तेल. फणस कापताना हाताला तेल लावतो ना, तसं त्या जुन्या चिकट्याला ताजं तेल चोळलं, अर्धा तास थांबले, आणि मग तो सुरकुत्या पडून फडक्याला सुटत आला. मग साबण, मग कोरडं फडकं. तेलाला तेलानंच काढायचं, हे एकदा हाताला कळलं की नवल वाटत नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सामाईक मशीनवर कपडे धुण्याच्या वेळापत्रकावरून दुसऱ्या वर्षी आमचं वाजलं होतं, तेव्हापासून जिन्यात 'ग्रुएत्सी', म्हणजे इथला नमस्कार, म्हणण्यापलीकडे संबंध नव्हता. जाळ्या घेऊन मी तळघरात गेले होते, तिथे त्यांनी पाहिलं. संध्याकाळी दार वाजलं. हातात लिंबूफुलाचं पाकीट, जुना टूथब्रश आणि पक्कड. आत आल्या, नळाच्या तोंडाची जाळी पिळून काढली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. वाळू, पांढऱ्या खपल्या, हिरवट बुळबुळीत काहीतरी. हे पाणी आम्ही रोज पीत होतो. त्यांनी एका वाटीत लिंबूफूल गार पाण्यात विरघळवलं. मी सवयीनं किटली लावायला गेले तर हात धरून थांबवलं. गरम केलं तर क्षार आणि लिंबूफूल मिळून न विरघळणारा नवीनच पांढरा थर बसतो, असं त्यांनी सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये मला समजावलं, जसं वर्गात समजावत असतील. जाळी वाटीत टाकल्यावर बुडबुडे येऊ लागले. पुढचे तीन दिवस त्या रोज तासभर येत होत्या. फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घड्यांतून कापूस गुंडाळलेली काडी कशी फिरवायची, काचांमधला डाग काढायला ओव्हनचं दार कसं उचलून सुटं करायचं, सगळं त्यांनी दाखवलं. पैसे तर सोडाच, चहासुद्धा एकदाच घेतला. इतकी वर्षं मी या बाईंना खडूस समजत होते.

एक गोष्ट मात्र त्यांनाही येईना. ओटा आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची पट्टी. मिसळणाचा डबा मी जिथे ठेवायचे, तिथे हातभर पट्टी पिवळीजर्द झाली होती. साबणानं जाईना, म्हणून मी सोडा ओला करून लावला, तर पिवळ्याची लालभडक झाली! शिक्षिकाबाई दोन पावलं मागे सरकल्या. पट्टी उकरून नवी भरून घ्यावी लागणार, असं त्यांचं मत पडलं.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. पट्टी दाखवली.

"अगं, हळदीला सोडा लावल्यावर दुसरं काय होणार? हळदीत चुना घातला की कुंकू होतं, विसरलीस?" आई म्हणाली. "पाण्यानं पुसून घे. आणि उन्हं कुठून येतात तुझ्याकडे?"

"खिडकीतून. सकाळी दहा ते एक."

"मग पडदा काढ आणि गप्प बस. हळदीच्या साड्यांचे डाग आपण वाळत घालूनच घालवतो ना."

पुसल्यावर लाल पुन्हा पिवळं झालं. पडदे काढले, काचा पुसल्या. फ्रिजचा पांढरा खणही हळदीनं पिवळा पडला होता, तो बाल्कनीत ठेवला. ऊन पडेल तेव्हा दोन्हीकडे ओला बोळा फिरवायचा, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी खण पांढरा झाला. पट्टीला नऊ दिवस लागले, कारण मधे तीन दिवस पाऊस होता. शिक्षिकाबाई रोज येऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी त्यांनी वहीत लिहून घेतलं: कुर्कुमा, जर्मनमध्ये हळद, आणि पुढे: सूर्य. ते पाहताना मला जो आनंद झाला, तो 14 कलमांपैकी कुठल्याही कलमावर बरोबरची खूण पडल्यावर झाला नाही.

खुणा पडल्या सगळ्या. 31 तारखेला त्याच बाई आल्या, तेच स्टूल, तेच बोट. काळपट पडलेल्या जाळीचे पैसे अनामतीतून कापले जातील असं त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. ती चूक माझीच होती. पण 'प्रमाणाबाहेर' हा शब्द खोडायला सांगितला, आणि त्यांनी काही न बोलता तो खोडला.

दुसऱ्या दिवशी नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. खोकी उघडण्याआधी मी चिमणीची जाळी काढली. आधीच्या भाडेकरूंनी रीतसर सफाई करून, तपासणी होऊन हे घर सोडलं होतं. जाळीची पुढची बाजू आरशासारखी. उलटी केली, तर आतून राखाडी, ओशट, बोट चिकटेल अशी. वास घेतला. लोणी, कांदा, थोडं जळकं. हळदीचा मागमूस नाही. नव्या भाडेकरूला आढळलेल्या दोषांच्या कागदावर मी लिहिलं, 'चिमणीची जाळी, आतली बाजू', फोटो काढला, आणि मग खोक्यांत पातेलं शोधून पाणी तापत ठेवलं.