‘फँड्री’बद्दल मतं इतकी फाटलेली का?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाचा विषय निघाला की दोन गट ठरलेले. एकाला तो मराठीतला सर्वात धारदार चित्रपट वाटतो, तर दुसरा म्हणतो, ‘संथ आहे, आणि शेवट कुठे केलाय?’ दुसऱ्या गटाला सिनेमा कळत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ चित्रपटात नाही, तो ज्या रीतीने लोकांपर्यंत पोचला त्यात आहे.

तो प्रदर्शित झाला 14 फेब्रुवारी 2014 रोजी, म्हणजे ऐन व्हॅलेंटाइन डेला. त्याआधी अजय-अतुल यांचं प्रसिद्धीगीत सगळीकडे वाजत होतं, आणि ते चित्रपटात नाहीच. चित्रपटाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं, आणि तेही जपून वापरलेलं. शाळकरी प्रेमकथा बघायला गेलेल्या माणसाला जब्या (गावातली डुकरं पकडणाऱ्या कैकाडी घरातला पोरगा) आणि त्याच्या वर्गातली वरच्या जातीची शालू यांच्यात धड संवादही होताना दिसत नाही. तो चिडणारच.

मग ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार. पहिल्या भागात जब्या बेचकी घेऊन काळ्या चिमणीमागे फिरतो, जीन्ससाठी पैसे जमवायला सायकलवरून पेप्सी विकतो, शालूकडे लांबून बघतो. हे सगळं सुटंसुटं वाटतं खरं. पण प्रत्येक वेळी त्याची एकच धडपड चाललेली असते: आपण कोणाच्या घरचे आहोत ते वर्गातल्या पोरांसमोर येऊ नये. हा धागा हाती लागला नाही तर पहिला तास जड जातो. लागला, तर सायकल ट्रकखाली चिरडते तिथेच पोटात खड्डा पडतो.

डुकरं पकडण्याचा प्रसंग लांबलाय, असंही ऐकू येतं. लांबलाय, आणि लांबायलाच हवा होता. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, त्याचा बाप कचरू यालाही थांबावं लागतं, डुक्कर निसटतं. थिएटरात इथे हशा पिकायचा. पुढे वर्गातली पोरं कुंपणाबाहेरून हीच पळापळ बघून हसू लागतात, शालूसुद्धा. आपण मघाशी हसलो ते कोणाच्या बाजूने, हे प्रेक्षकाला तेव्हा उमगतं. प्रसंग आटोपशीर केला असता तर हे जमलं नसतं, कारण हसू आधी मुरावं लागतं. नंतर काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याच्या घरची माणसं आंबेडकर, सावित्रीबाईंची चित्रं रंगवलेल्या भिंतीसमोरून जातात. कोणी एक शब्द बोलत नाही. काहींना ही चौकट फार मुद्दाम रचलेली वाटते. मला नाही वाटत. गावोगावच्या शाळांच्या भिंती अशाच असतात.

शेवटाबद्दल मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. ‘पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्याने दगड कोणाच्या दिशेने आला ते एकदा बघावं.

एक तक्रार मात्र मला पटते: चंक्या. नागराज मंजुळे यांनी स्वतः केलेलं हे सायकलवाल्याचं पात्र जब्याला शालू वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीच्या राखेचा तोडगा देतं, आणि त्याच्या भूतकाळाचे एक-दोन इशारे देऊन चित्रपट पुढे सरकतो. जब्या मोठा झाला तर असाच होईल का, हा प्रश्न तिथे उभा राहू शकला असता. चंक्याला आणखी एक प्रसंग द्यायला हवा होता.

अभिनयावर दोन्ही गटांचं सहसा एकमत असतं. सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला किशोर कदमांचा कचरू जास्त छळतो. लेकीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून गावासमोर वाकणारा आणि तोच राग पोरावर काढणारा बाप. घरात ही माणसं कैकाडी बोलतात, तिथे उपशीर्षकं वाचायचा कंटाळा करू नका. बाहेर मान खाली घालणारा कचरू घरात वेगळ्याच आवाजात बोलतो.