खांद्यावरची सुई

लायसन्स आलं एकदाचं! कॅलिफोर्निया अ‍ॅक्युपंक्चर बोर्डाचं पाकीट हातात पडलं आणि मी दारातच रडले. तेव्हापासून सोलापूरहून फोनवर फोन, सगळ्यांचा प्रश्न एकच, सुया टोचायला शिकायला एवढी चार वर्षं कशाला गं?

तर इथे किमान ३,००० तास भरावे लागतात, २,०५० थिअरीचे आणि ९५० क्लिनिकमधे, खऱ्या पेशंटवर, सरांच्या नजरेखाली. वर सुया निर्जंतुक कशा हाताळायच्या त्याचा वेगळा कोर्स, मग बोर्डाची परीक्षा. अंगावर सुया टोचायचे ३६१ पॉइंट पाठ होतात हो, हाताला कळायलाच वेळ लागतो. गुडघ्याच्या वाटीखालचा त्सूसानली घ्या, आडवी चार बोटं मोजायची, पण बोटं पेशंटची, आपली नाही! माझी बोटं बारीक, समोर सहा फुटी माणूस, पहिले दोन महिने माझा पॉइंट वरच पडायचा. आणि सुई आत गेली म्हणजे झालं असंही नाही, हलकेच फिरवायची, पेशंट म्हणतो जड जड वाटतंय, आणि आपल्या बोटांना सुई आतून कुणीतरी धरल्यासारखी लागते.

एकदा खांद्यावरच्या जियानजिंग पॉइंटला मी सुई सरळ खाली धरली. सरांनी काही न बोलता माझं मनगट पकडलं, आणि पेशंट गेल्यावर छातीचा एक्सरे लावून फुफ्फुसाचं टोक किती वर येतं ते दाखवलं. थोडी खोल गेली असती तर फुफ्फुसाला भोक पडलं असतं. रात्री झोप नाही लागली. म्हणून आठ दिवसांचा कोर्स करून पाटी लावू का विचारणाऱ्यांनो, कृपा करून नको. महाराष्ट्रातही आता अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, कौन्सिल आहे, रीतसर शिका.

सर मूळचे चीनमधल्या नानजिंगचे. पहिल्या दिवशी गाव विचारलं, सोलापूर म्हटल्यावर उठूनच उभे राहिले, "के दीहुआ!" हे चिनी नाव म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ ला भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले, अवघे ३२ वर्षांचे. ते सर्जन, पण त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर शिकून कलकत्त्यात आणलं. कोटणीसांच्या घराचं सोलापुरात स्मारक झालंय, सरांना त्याचा फोटो हवाय. दिवाळीला येतेय, तेव्हा आधी तिकडे जाणार.