जुन्या रस्त्याचं चित्र: गाडी अखेर जमिनीला टेकली

मागच्या नोंदीत या चित्राचा नुसता सांगाडा होता. एका कल्पित शहरातला १९२०च्या आसपासचा रस्ता, दोन्ही बाजूंना तीनमजली इमारती, मधोमध ट्रामचे रूळ, डावीकडे फूटपाथला जरा तिरपी लावलेली मोटार. सगळं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हाताने एकेक पाथ, म्हणजे रेषा, काढून. ऑटो-ट्रेस, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून घेणं, एकदा करून पाहिलं होतं. त्याने हजारो नोडांचा, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंचा, असा गाळ हाती दिला की एक रेघ धड पकडता येईना.

गाडी फोर्डची मॉडेल टी घेतली, कारण ती १९०८ ते १९२७ इतकी वर्षं बनत होती आणि त्या काळच्या रस्त्यावर कुठेही खपते. खपते म्हणून गाफील राहिलो आणि तिथेच फसलो. रेडिएटरचं पितळी कवच काढण्यात अख्खा रविवार घातला, सहा रंगांचा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग) जुळवला, आणि मग कळलं की १९१७च्या मॉडेलपासून पितळ जाऊन काळं कवच आलं होतं. ‘असेल कोणाची तरी जुनी गाडी’ अशी पळवाट होती, पण ती रोज डोळ्यांत खुपली असती. पुसलं. काळ्याची चकाकी पितळापेक्षा अवघड निघाली. मऊ ग्रेडियंट दिला की पत्र्याचं प्लास्टिक होतं. काळा भाग जवळजवळ सपाट ठेवून आकाशाची झाक एकाच बारीक, कडक कडेच्या निळसर पट्टीत आणली, तेव्हा कुठे तो पत्रा वाटायला लागला.

एवढं करूनही गाडी तरंगतच होती. खाली सावली गडद केली, तरी तेच.

पहिला दोष चाकांत होता. लाकडी चाकाला १२ आरे. मी एक आरा काढून ३० अंशांनी फिरवत क्लोन, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेल्या प्रती, केले आणि झालेलं चाक सरळ आडवं दाबून टाकलं. त्यामुळे लंबवर्तुळाचा लांब अक्ष उभा राहिला. खरं तर आखूड अक्ष आसाच्या दिशेने जायला हवा. गाडी तिरपी असल्यामुळे आस तिरपा, म्हणून लंबवर्तुळही थोडं कललेलं हवं. शिवाय चाकाचा मध्य लंबवर्तुळाच्या मध्यावर पडत नाही. जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो, त्यामुळे हब, म्हणजे आरे जिथे जुळतात तो मधला भाग, किंचित पलीकडे सरकतो आणि आऱ्यांमधली अंतरंही सारखी राहत नाहीत. हे सगळं डोळ्याने जुळवायचे दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यांदा चाकाभोवती चौकोन मानला आणि तो आधी पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसेल असा, बसवला. मग क्लोन तोडून सपाट चाकाचे पाथ केले आणि पर्स्पेक्टिव्ह-एन्व्हलप इफेक्टने ते चार कोपरे त्या चौकोनावर आणले. लंबवर्तुळ आपोआप पडलं.

दुसरा दोष मापाचा, आणि तो सापडला तेव्हा हसू आलं. ट्रामचे रूळ मी स्टँडर्ड गेजचे धरले होते, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. मॉडेल टीच्या डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर ५६ इंच, म्हणजे १४२२ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ एकच! म्हणजे गाडी रस्त्याच्या मध्यावर सरळ उभी केली तर चाकं रुळांवर बसायला हवीत. गाडीच्या चौकोनी ठोकळ्याची प्रत तशी ठेवून पाहिली, तर चाकं रुळांच्या बरीच आत. मी रस्त्यावर खेळण्यातली मोटार ठेवली होती. दीडपट मोठी केली आणि गाडी टेकली. सावलीला बोटही लावलं नाही.

दिव्याच्या खांबांची अंतरं आता अंदाजाने ठेवत नाही. खांबांची टोकं, मध्य आणि बुंधे जोडणाऱ्या तीन रेषा व्हॅनिशिंग पॉइंटकडे, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात त्या बिंदूकडे, ओढायच्या. पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातून जाणारी रेघ बुंध्यांच्या रेषेला जिथे छेदते, तिथे तिसरा खांब. पुढचेही तसेच.

खिडक्यांनी वेगळाच त्रास दिला. एक खिडकी, बाकी सगळे क्लोन. मूळ बदललं की सगळ्या बदलतात, सोय मोठी. पण इमारत कालच बांधल्यासारखी दिसायची. शेवटी पाच मूळ खिडक्या केल्या: एक अर्धी उघडी, एकीचं झडप निखळलेलं, एकीत पडदा, वगैरे. शेजारी शेजारी सारख्या येऊ दिल्या नाहीत. भिंतींवर डाग, ओघळ काढायचा मोह होता, पण या पाच खिडक्यांनी जेवढं जुनेपण आणलं तेवढं त्या डागांनी आणलं नसतं.

फाइल मात्र रडायला लागली होती. कारण ब्लर. लांबच्या इमारती धूसर दिसाव्यात म्हणून प्रत्येकीला ब्लर दिला होता आणि दर झूमला तो सगळा नव्याने मोजला जायचा. काढून टाकला. लांबपणा फोकसमुळे नाही, कॉन्ट्रास्ट कमी केल्यामुळे वाटतो: शेवटच्या इमारतीतला सगळ्यात गडद रंग आता जवळच्या भिंतीच्या मधल्या छटेपेक्षा फिकट आहे. ब्लर फक्त दिव्यांच्या उजेडाला ठेवला.

उरलंय ते पावसाचं डबकं. गाडीचा ग्रुप उलटा करून खाली चिकटवला होता, पण ते चूक आहे. प्रत्येक वस्तू ती जिथे जमिनीला टेकते तिथून उलटते, आणि पाण्यातलं प्रतिबिंब गाडीकडे खालून बघतं. त्यात मडगार्डची आतली बाजू दिसायला हवी, पुढच्या आसाचा खालचा भागही. तेव्हा सध्या मॉडेल टी खालून कशी दिसते, ते शोधत बसलोय.