मॉडेल २९९ बिल्ड, अपडेट ४: एलिव्हेटर परत तोडले

मंडळी, दोन आठवडे गायब होतो कारण पावसाने प्रायमर सुकायलाच तयार नव्हता. बाल्कनीत हात लावला की बोटाचा ठसा उमटतोय, शेवटी बेडरूममध्ये टेबल फॅनसमोर ठेवला, बायकोचं काय म्हणणं होतं ते इथे लिहीत नाही.

नवीन लोकांसाठी, मी १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, बोईंगचं मॉडेल २९९ करतोय, म्हणजे बी-१७ या अमेरिकन बॉम्बर विमानाचं पहिलंवहिलं विमान, एकच बनलं होतं. जुन्या बी-१७ च्या किटमधून कापाकापी चालू आहे. पंख ४४ सेंटीमीटर, शोकेसमध्ये मावणार नाहीये हे आत्ता कळतंय.

तर झालं असं, सवयीने मी शेपटीचे एलिव्हेटर (आडव्या शेपटीच्या मागच्या हलत्या पट्ट्या, नाक वर-खाली करणाऱ्या) कापले आणि थोडे खाली झुकवून चिकटवले, उभ्या विमानाचे असेच लोंबतात ना. पुट्टी, सँडिंग, सगळं छान झालं. मग रात्री डोक्यात आलं की अरे मला हे विमान ३० ऑक्टोबर १९३५ च्या सकाळचं, राइट फील्ड या लष्करी विमानतळावरचं दाखवायचंय, ओहायोतल्या डेटनचं, आणि त्या सकाळी सगळा घोळ एलिव्हेटरचाच होता!

जमिनीवर असताना वाऱ्याने एलिव्हेटर आणि रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) आपटू नयेत म्हणून या विमानात गस्ट लॉक होतं, कॉकपिटमधूनच लावायचं-काढायचं. त्या दिवशी ते काढायचं राहिलं आणि एलिव्हेटर किंचित वरच्या बाजूला अडकलेले. त्यामुळे विमान उचललं की नाक वरच जात राहिलं, खाली दाबायला काहीच नाही, मग स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच संपली, एका पंखावर कललं आणि खाली येऊन पेटलं. लेफ्टनंट जिओव्हानोलीने आगीत घुसून लोकांना बाहेर काढलं, तरी पायलट मेजर प्लॉयर हिल वाचला नाही. बोईंगचा टेस्ट पायलट लेस्ली टॉवर पुढे काही दिवसांनी गेला. हा टॉवर पायलटांच्या मागे होता, चूक लक्षात आल्यावर त्याने लॉककडे हात टाकला पण पोचला नाही म्हणतात. मला सगळ्यात जास्त तेच डोक्यात बसलंय, कारण जुलैमध्ये याच विमानाचं पहिलं उड्डाण त्यानेच केलं होतं, म्हणजे ते विमान त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

इंजिनं ठीक, डिझाइन ठीक, पण सैन्याची मोठी ऑर्डर गेली प्रतिस्पर्धी डग्लस कंपनीला, बोईंगला चाचणीपुरती १३ विमानं. त्यानंतर पायलटांनी टेकऑफच्या आधीपासून लँडिंगनंतरपर्यंतची चेकलिस्ट कागदावर आणली. इथे मी बिनचेकलिस्टचा सुपरग्लू लावून बसलोय.

असो, काल ब्लेडने दोन्ही एलिव्हेटर काढले. डावा नीट निघाला, उजव्याचा कोपरा तुटला, तो प्लास्टिक शीटच्या तुकड्याने भरलाय. आता दोन्ही जराssसे वर, मागून बघितलं तरच कळतं. कॉकपिटमध्ये लॉकचा लिव्हर तांब्याच्या तारेचा केलाय, काच बसली की दिसणार नाही, पण आहे.

पुढचं काम चाकांचं. २९९ ला चाकाच्या दोन्ही बाजूंना दांडे होते, नंतरच्या बी-१७ सारखा एकच नाही, त्यामुळे किटमधले निरुपयोगी. पितळी नळी वाकवून बघतोय, दोन वाकवल्या, दोन्ही चेपल्या. आत बारीक रेती भरून वाकवतात असं ऐकलंय, कुणी केलंय का?