तुम्ही विचारलेत म्हणून: जुनोच्या पावसात मुलांना घेऊन चालताना

नात्यातली माणसे, पुण्या-मुंबईचे मित्र आणि उन्हाळ्यात अलास्का पाहायला येणारी मराठी कुटुंबे आम्हाला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात: जिथे सतत पाऊस पडतो आणि अस्वले घरांच्या आसपास फिरतात, अशा गावात लहान मुलांना घेऊन तुम्ही डोंगरात जाता तरी कसे? प्रश्नामागची काळजी खरी असते, त्यामुळे ‘सवय झाली’ एवढे सांगून तो टाळणे मला बरे वाटत नाही. भीती आम्हालाही वाटते, मात्र अस्वलाची कमी आणि ओल्या थंडीची जास्त. आमच्या घरातील फिरण्याची सगळी रीत या एका हिशेबावर बसलेली आहे.

जुनो ही अलास्काची राजधानी. सुमारे ३२,००० वस्तीचे हे गाव मुख्य भूमीवर असूनही बाहेरून येणारा एकही रस्ता त्याला जोडलेला नाही. विमानाने किंवा फेरीबोटीने यायचे, आणि ढग फार खाली आले असतील तर विमान इथे न उतरताच पुढे निघून जाते, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलेले आहे. एका बाजूला समुद्राची अरुंद खाडी, दुसऱ्या बाजूला सरळ उभे डोंगर, डोंगरांच्या पलीकडे बर्फाचे विस्तीर्ण पठार आणि सभोवार टोंगास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन, अशी या गावाची बैठक आहे. त्यामुळे डोंगरात जायचे म्हणजे कुठे लांब जायचे असे नसते. शाळा सुटल्यावर निघालो तरी अर्ध्या तासात आम्ही हेमलॉक आणि सिटका स्प्रूसच्या दाट झाडीत असतो.

मी कोकणात वाढले, म्हणून इथला पाऊस मला जड जाणार नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. आकडे पाहिले तर ते बरोबरच वाटते, कारण गावाच्या मध्यभागी वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतका, आणि विमानतळाच्या बाजूला त्याहून कमी, १,७०० च्या आसपास. फरक आहे तो वाटणीत. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो; इथला वर्षातील सव्वादोनशेच्या आसपास दिवसांवर पसरलेला असतो, बारीक, गार, विजा-गडगडाटाविना दिवसभर चालणारा. कोकणात ‘जरा उघडीप मिळाली की निघू’ असे म्हणता येते आणि ती उघडीप मिळतेही. इथे तसे म्हणत बसले तर सप्टेंबर-ऑक्टोबरचे दोन्ही महिने मुले खिडकीपाशी बसून काढतील. म्हणून निघायचे की नाही हे आम्ही पावसाकडे पाहून ठरवत नाही. वारा किती आहे, तापमान किती आहे आणि अंधार कधी पडणार आहे, हे पाहून ठरवतो.

खरी काळजी कपड्यांची. जुलैमध्येसुद्धा पावसाच्या दिवशी पारा बारा-तेरा अंशांवर अडकून राहतो, आणि अशा हवेत भिजलेला सुती कपडा अंगाला चिकटून शरीराची ऊब ओढून घेतो. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून आलेला पाहुणा तासाभरात कुडकुडायला लागतो, आणि लहान मूल तर त्याहून लवकर. आमची मुले आत लोकरीचे कपडे, त्यावर खांद्यावरून पट्टे येणारी जाड पावसाची पँट, वर रेनकोट आणि पायात इथले सगळे गाव घालते ते तपकिरी एक्स्ट्राटफ गमबूट अशी निघतात. पँट गमबुटात खोचायची नाही, बाहेरून सोडायची. खोचली की पँटवरून ओघळणारे पाणी थेट बुटात उतरते, मोजे भिजतात, आणि पुढच्या मैलभर रडे ऐकत चालावे लागते. पिशवीत हातमोज्यांचे जास्तीचे जोड, थर्मासमध्ये गरम दूध आणि घट्ट झाकणाच्या डब्यात गूळपोळी असते. थंडीत मुलांना सारखे काहीतरी खायला द्यावे लागते, कारण पोट रिकामे असले की अंग लवकर गारठते.

एवढे करूनही लक्ष ठेवावे लागते ते मुलाच्या बोलण्याकडे. एरवी अखंड बडबडणारे मूल एकाएकी गप्प झाले, ठेचकाळू लागले किंवा हातातली वस्तू त्याच्याकडून सारखी पडू लागली, तर हायपोथर्मियाची, म्हणजे अंगातली ऊब धोक्याइतकी उतरण्याची, सुरुवात असू शकते, आणि अशा वेळी धबधबा समोर दिसत असला तरी आम्ही मागे फिरतो. माझ्या मते या एका खुणेची माहिती अस्वलांविषयीच्या सगळ्या माहितीपेक्षा मोलाची आहे. जमिनीचेही तसेच. दलदलीवरून जाणाऱ्या वाटांवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात आणि शेवाळाने त्या इतक्या निसरड्या होतात की पाय घसरून मनगट दुखावून घेणारे पुष्कळ. तोल गेला की हाताला येईल ते धरण्याचा मोह होतो, आणि नेमके तिथे डेव्हिल्स क्लब उभे असते. परातीएवढ्या पानांच्या या झुडपाचे देठ तर काटेरी असतातच, पण पानांच्या मागच्या शिरांवरही बारीक काटे असतात. ते मोडून कातडीत राहतात आणि ठणकतात. मूळ रहिवासी असलेले त्लिंगित लोक याच झाडाचा औषधासाठी उपयोग करतात. मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, त्यामुळे ती त्याला वाईट झाड म्हणत नाहीत, फक्त अंतर राखून चालतात.

आता अस्वलांकडे येते. गावाच्या आसपास आढळतात ती मुख्यतः काळी अस्वले, आणि त्यांना माणसाशी गाठ पडण्याची जराही हौस नसते. धोका असतो तो त्यांना अचानक गाठण्यात. म्हणून जंगलात आम्ही मोठ्याने बोलत चालतो, आणि बोलणे संपले की मुले मराठी पाढे म्हणतात. आठाचा आणि नवाचा पाढा दोघांनीही याच वाटांवर ओरडून ओरडून पाठ केला. ओढ्याचा खळखळाट जास्त असेल तिथे आवाज पोचत नाही, तिथे टाळ्या वाजवायच्या आणि वळणापूर्वी थांबून पाहायचे. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखणारा तिखट फवारा, मोठ्यांच्या कमरेला, हाताशी. पिशवीच्या तळाशी ठेवलेला स्प्रे काही उपयोगाचा नाही. अस्वल दिसलेच तर पळायचे नाही, सगळ्यांनी एकत्र उभे राहायचे, धाकट्याला उचलून घ्यायचे आणि शांतपणे बोलत मागे सरकायचे, हे मुलांना रस्ता ओलांडण्याच्या नियमाइतके पाठ आहे.

परंतु अस्वलासंबंधीचे खरे काम जंगलात नसून घरी असते. कचऱ्याचा डबा बंदिस्त ठेवायचा आणि तो नेण्याच्या दिवशी सकाळीच रस्त्यावर आणायचा, रात्रीपासून मांडून ठेवायचा नाही, असा इथला नियम आहे. पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचे खाणे, बार्बेक्यूची चरबी यांपैकी काहीही बाहेर राहता कामा नये. कचऱ्याची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येते, धीट होते आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. आमच्या घरी झाकणाची कडी लावणे हे मोठ्या मुलीचे काम आहे, आणि ती ते ज्या गांभीर्याने करते ते पाहून मला फार समाधान वाटते. माणसाच्या आळसाची किंमत प्राण्याने मोजावी हे मला मान्य नाही, आणि मुलांनाही ते मान्य नसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या सगळ्याचे फळ काय, ते मेंडेनहॉल हिमनदीजवळच्या स्टीप क्रीकवर मिळते. जुलैच्या उत्तरार्धापासून सॉकाय सामन मासे समुद्रातून या उथळ ओढ्यात अंडी घालायला येतात. अंग कुंकवासारखे लाल, डोके हिरवट, पाठ पाण्याबाहेर. वनखात्याने ओढ्यावर उंच लाकडी मार्ग बांधला आहे, त्यावरून मुलांनी काळ्या अस्वलीला अगदी खाली, पाण्यात उभी पाहिले आहे. तिने मासा पंजाखाली दाबला, पोट फाडून फक्त अंडी खाल्ली आणि बाकीचा मासा तसाच टाकून दुसऱ्याकडे वळली. धाकट्याला हा अन्नाचा अपमान वाटला. तेव्हा त्याला समजावले की मासे मुबलक असले की अस्वल सर्वांत पौष्टिक भाग तेवढा खाते, उरलेल्यावर डोमकावळे, गरुड आणि किडे जगतात, आणि जे कुजते त्यातले समुद्राचे नत्र काठावरच्या स्प्रूसच्या मुळांना मिळते. पुढचे कित्येक दिवस तो प्रत्येक मोठ्या झाडाला ‘याने किती मासे खाल्ले असतील’ असे विचारत होता.

त्याच हिमनदीची दुसरी बाजूही मुलांना ठाऊक आहे. पायवाटेवर पूर्वी बर्फ कुठपर्यंत होता ते सांगणाऱ्या खुणा आहेत आणि आता तिथे उंच झाडे आहेत. मागे हटलेल्या बर्फामुळे वर एका खोलगट भागात पाणी साचते आणि ते २०११ पासून उन्हाळ्यात एकदम फुटून खाली येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर नदीने काठ कापून घरे ओढून नेली. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या मित्रांना ऑगस्ट महिना फार अवघड जातो. माझ्या दृष्टीने इथली सर्वांत मोठी भीती हीच आहे, आणि तिच्यासमोर गमबूट किंवा स्प्रे उपयोगी पडत नाही.

येणार असाल तर मे-जून त्यातल्या त्यात कोरडे असतात आणि जूनमध्ये अठरा तास उजेड मिळतो. सामन आणि अस्वले पाहायची असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबर, पाऊस गृहीत धरून. लहान मूल बरोबर असेल तर नगेट फॉल्स या धबधब्याची सपाट वाट पुरेशी आहे, जाऊन-येऊन तीन-सव्वातीन किलोमीटर. जीन्स घरी ठेवा. गमबूट आणि पावसाच्या पँट विकत घेण्याची गरज नाही. आमच्या मुलांना लहान झालेले सगळे जोड मापाप्रमाणे लावून ठेवलेले आहेत, फक्त मुलांच्या पायाचे माप आधी कळवा.