शिफ्टर बदलू की नको?

बोपदेव घाट चढून वर चहाला टेकलो, की माझ्या सायकलच्या तिरक्या दांडीवरच्या दोन बारक्या लिव्हरकडे, म्हणजे गिअर बदलायच्या शिफ्टरकडे, कुणीतरी बघतंच. "काका, हे गिअर हँडलवर का नाही घेत? माझ्याकडेपण अशीच जुनी आहे, बदलू का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मीही बदलायलाच निघालो होतो.

ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये, ही शिमानो या जपानी कंपनीची सोय १९९०च्या सुमाराला आली. माझी सायकल त्याआधीची. मागे सहा चकत्या आणि चाक बसतं तिथलं अंतर १२६ मिलीमीटर. आठ गिअरचे शिफ्टर घ्यायचे तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, लागतो १३०चा. फ्रेम स्टीलची असेल तर ती चार मिलीमीटर फाकवता येते, अॅल्युमिनियमची असेल तर त्या वाटेला जाऊच नका. मग नवं चाक, नवी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), नवी चेन... मारुतीचं शेपूट. सात गिअरवर भागवलंत तर हे बरंचसं टळतं. सात चकत्यांचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुन्या पद्धतीचा चकत्यांचा संच) १२६मध्ये बसतं आणि शिमानोच्या टूर्नी या मालिकेत सात गिअरचे एकत्र शिफ्टर आहेत.

पण खर्चाआधी मी स्वतःलाच विचारलं, की त्रास नक्की कशाचा होतोय? घाटातल्या शेवटच्या दोन वळणांवर मी उतरून चालायचो. त्यात शिफ्टरचा काय दोष? पुढच्या चकतीला ४२ दाते आणि मागे सगळ्यात मोठी चकती २४ दात्यांची, गुडघे बोलणारच. म्हणून १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील टाकलं, चेन आणि दोन्ही केबल बदलल्या. माझ्या लिव्हरला खटके नाहीत, नुसत्या घर्षणावर चालतात. त्यामुळे मागे सहा चकत्या आहेत की सात, त्यांना फरक पडत नाही. चढ आता बसल्या बसल्या निघतो. हळू, पण निघतो.

तुमचं वेगळं असू शकतं. आठवडाभर मोजून बघा: हात हँडलवरून काढावा लागेल म्हणून किती वेळा गिअर बदलायचंच टाळलंत? मी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्याला लागतो, माझं उत्तर दोन-तीनदा. रोज कर्वे रोडने ऑफिसला जात असाल, शेजारी बस, पुढे खड्डा, आणि एक हात गुडघ्यापाशी लिव्हर चाचपतोय, तर मात्र खुशाल बदला. एकदा असाच एका हाताने खड्ड्यात गेलोय, कोपरावर खूण आहे अजून.

आणि बदललेच, तर काढलेल्या लिव्हर भंगारात देऊ नका, मला द्या. माझी उजवी हल्ली चढावर आपोआप सरकते, स्क्रू कितीही आवळला तरी.